बायकी खोली

मुकादम वारून महिना होत आला तेव्हा एका सकाळी त्याची बायको अक्का लाकडाच्या वखारीत उतरली आणि भिंतीला टेकवून ठेवलेली पहार उचलून चालू लागली. पासष्टीची बाई, अंगावर मांस नावाला, आणि पहार तिच्या खांद्याला लागेल एवढी. करवतीवर लाकूड लावणारी माणसं हातातलं काम सोडून बघत राहिली.

"अक्का, कुठं खणायचंय? आम्ही येतो की."

"खणायचं नाही," अक्का म्हणाली. "उपटायचंय. आणि ते माझं मलाच उपटू द्या."

घर वखारीच्या मागच्याच अंगाला होतं. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, वर दोन खोल्या. मोठीत मुलगा आणि सून. छोटी मुकादमाची. छोटी म्हणजे इतकी छोटी, की पलंग टाकल्यावर दार अर्धंच उघडायचं आणि आत येणाऱ्याला आधी पोट आत घ्यावं लागायचं. लग्न झाल्यापासून अक्का त्याच खोलीत पलंगाशेजारी जमिनीवर अंथरूण घालून झोपत आली होती, पण 'अक्काची खोली' असं चुकूनही कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. भिंतींना खांद्यापर्यंत तपकिरी तेलरंग, कारण त्यावर डाग दिसत नाहीत. दाराला कडी होती, ती बाहेरून. आणि पलंगासमोरच्या भिंतीत ओळीनं लोखंडी खुंट्या. एकीवर कमरेचा पट्टा, एकीवर वेताची छडी, एकीवर दोरी. आज घरात कुणाला किती लागणार, हे मुकादमाचा हात कुठल्या खुंटीकडे जातो त्यावरून कळायचं. वखारीत माणसं त्याच्या आवाजाला घाबरत. घरात त्याला आवाजाची गरजच पडत नसे.

शेवटचं वर्ष तो अर्धांगवायूनं पडून होता. डावं अंग गेलं, उजवं शाबूत. अक्का त्याला भरवायची, पुसायची, कुशीवर वळवायची आणि वळवताना जवळ गेली की उजव्या हाताचा गुद्दा खायची. "देवानं अर्धा माणूस नेला," ती सुनेला एकदा म्हणाली होती, "पण कुठला अर्धा न्यायचा तेवढं विचारून न्यायचं होतं."

तर त्या सकाळी अक्कानं पहारेचं टोक पहिल्या खुंटीच्या मुळाशी घातलं आणि सगळा भार टाकला. खुंटी निघाली ती मूठभर गिलावा घेऊनच. दुसरी निघाली. तिसरी निघेना, तेव्हा अक्कानं पहार दोन्ही हातांनी मागं नेली आणि भिंतीवर घातली. पुन्हा घातली. खुंटी कधीच खाली पडली होती, तरी घालत राहिली. विटा दिसू लागल्या. खालून सून धावत आली आणि दारात उभी राहिली. धुळीत सासू दिसेना, फक्त आवाज.

"आई! अहो आई, भिंत पडेल!"

अक्का थांबली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाली होती, पिठाच्या डब्यात पडल्यासारखी. धापा टाकत म्हणाली, "पडली तर पडली. मला ही खोली हवीय. माझी. आणि बायकी हवी."

"बायकी म्हणजे?"

"म्हणजे आत पाऊल टाकल्याबरोबर पुरुषाला आपण चुकून इथं आलो असं वाटलं पाहिजे. झालरीचे पडदे. आरसा. नाजूक दिवा. गालिचा, पाय ठेवला की मऊ लागेल असा. मी कधी काही मागितलं नाही ना, ते सगळं एकदम मागून घेते."

सुनेला हसू आलं. हसताना तिनं ओठावर हात धरला, कारण ओठ परवाचा फुटलेला होता आणि हसलं की उलायचा.

तो ओठ कुणी फोडला हे सांगायला नको. मुकादमाचा मुलगा, अक्काचा एकुलता एक, वखारीत छोटे मुकादम म्हणून ओळखला जायचा, आणि नावाला जागायचा. लहानपणी त्यानं स्वतः त्याच पट्ट्याचा मार खाल्ला होता. बापाच्या आणि आईच्या मधे उभा राहून खाल्ला होता. मग कधीतरी, मिसरूड फुटल्यावर, तो मधून बाजूला झाला. आणि लग्न झाल्यावर पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. सुनेचा डावा कान त्यानं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी एका थपडेत बधिर केला होता. तेव्हापासून अक्का तिच्याशी नेहमी उजवीकडून बोले. का, ते दोघींनाही ठाऊक होतं, आणि दोघीही मूग गिळून होत्या.

लग्नाआधी सून पडदे-गाद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. कापड नुसतं बोटांत धरून ते खिडकीत कसं पडेल सांगायची. तिचं मशीन लग्नानंतर माळ्यावर गेलं होतं, कारण नवऱ्याला घरात टकटक खपत नसे. अक्कानं पहिलं काम केलं ते मशीन खाली उतरवण्याचं. दोघींनी मिळून उतरवलं, पुसलं, तेल घातलं. सुनेनं चाक फिरवून पाहिलं आणि बराच वेळ तसाच हात ठेवून बसली.

"गंजलंय का गं?"

"नाही," सून म्हणाली. "मीच गंजलेय."

रंगारी आला तो बडबड्या. पन्नाशीचा, अंगानं किडकिडीत, कानामागं पेन्सिल. आल्या आल्या त्यानं गुलाबी रंगाचं कार्ड अक्कापुढं धरलं. बायकी म्हटल्यावर माणूस दुसरं काय धरणार!

"हा नको," अक्का म्हणाली. "हा खोकल्याच्या औषधाचा रंग."

"मग हा?"

"हा हिरड्यांचा."

"अक्का, मग तुम्हीच सांगा, हवाय कसला?"

अक्कानं विचार केला. "पेरू कापलास तर आतून गुलाबी निघतो बघ कधी कधी. तो. पण दुधात बुडवून काढलेला. रंग आहे की नाही असं वाटलं पाहिजे. संध्याकाळचा दिवा लावला की मगच कळलं पाहिजे की हां, आहे."

रंगाऱ्यानं तोंडावर हात ठेवला. "अक्का, मुलींच्या लग्नाच्या खोल्या रंगवल्या मी, पण एवढं नेमकं कुणी मागितलं नव्हतं."

तपकिरी तेलरंग खरवडायलाच त्याला वेळ लागला. पत्र्याचा खुरपा लावून तो तासन्‌तास खरवडत होता, आणि रंग सालपटं निघावीत तसा निघत होता. खालून कुठं काळं, कुठं पिवळं, कुठं गंजाच्या रंगाचं काहीबाही दिसत होतं. दाराच्या बाजूच्या भिंतीवर त्याचा हात थबकला. तिथं वाटीएवढा खड्डा होता; गिलावा आत दबलेला, भोवती तडे.

"इथं काय आपटलं होतं हो अक्का? कपाट वगैरे सरकवताना?"

अक्का खिडकीशी बसून पडद्याच्या कापडाला दुमड घालत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "मी."

खड्ड्यात त्यानं लांबीचा लगदा भरला, तो वाळू दिला, घासला, पुन्हा भरला. संध्याकाळी निघताना बोटं फिरवून पाहिली आणि म्हणाला, "आता कुणाला कळणार नाही." अक्का म्हणाली, "मला कळेल. पण चालेल."

छोटे मुकादम इतके दिवस गप्प होता, तो वर चढलाच नव्हता म्हणून. म्हातारीला चळ लागलाय, चुना फासून घेतेय, एवढंच त्याला वाटत होतं. बापाच्या खोलीत त्याला वखारीची कचेरी करायची होती. तो ते धरूनच चालला होता. एके दुपारी जेवायला आला आणि मशीनची टकटक ऐकून जिना चढला.

दारात उभा राहून त्यानं खोली पाहिली. पलंग नव्हता. लोखंडी कपाट नव्हतं. ते अक्कानं भंगारवाल्याला घातलं होतं. दोन भिंतींवर पेरूच्या गराचा तो फिकट रंग चढला होता. खिडकीपाशी त्याची बायको पांढऱ्याशुभ्र मलमलीच्या ढिगात बसली होती आणि पडद्याच्या कडेला झालर जोडत होती. शिडीवर रंगारी.

"बाबांचा पलंग कुठाय?"

"मोडला," अक्का म्हणाली.

"कुणी?"

"मी. चार पायांचं काय ते कौतुक. घातली पहार, निघाले."

"आणि पट्टा?"

त्याचा चेहरा बघता बघता बदलला. अक्कानं तो बदल इतक्यांदा पाहिला होता, बापाच्या चेहऱ्यावर आणि मग लेकाच्या, की तिचे खांदे आपोआप वर गेले. पण तो तिच्याकडे आला नाही. त्यानं शिडीला लाथ घातली. रंगारी वरून रंगाच्या डब्यासकट खाली आला. उठायच्या आत छोट्या मुकादमानं त्याची कॉलर धरली आणि त्याचं तोंड शिडीच्या पायरीवर आपटलं. एकदा, दोनदा. रंगाऱ्याच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि जमिनीवरच्या फिकट रंगात मिसळू लागली. दुधातला पेरू एकदम पिकला.

"माझ्या बापाच्या खोलीत बायकांचं दुकान लावतोस? चल हो बाहेर!"

रंगारी नाकावर हात धरून, भिंत धरत धरत जिना उतरला. त्याचा एक दात पायरीपाशी पडला होता.

मग छोट्या मुकादमानं बायकोचा दंड धरला. "हे तुझंच डोकं. म्हातारीला काय कळतंय? मशीन खाली कुणी काढलं?" सुईत अडकलेली मलमल तिच्याबरोबर ओढली गेली आणि टर्रकन फाटली. मोठ्या खोलीचं दार लागलं.

अक्का छोट्या खोलीत उभी होती. मधली भिंत पातळ. पलीकडून आधी त्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा, मग सुनेचा, मग सुनेचा येईनासा झाला आणि फक्त थपथप, ओलं कापड दगडावर आपटावं तशी. अक्कानं जमिनीवरचा ब्रश उचलला. उरलेल्या रंगात बुडवला आणि भिंत रंगवायला लागली. वरून खाली, वरून खाली. रेघा वाकड्या येत होत्या. त्या ती पुन्हा सरळ करत होती. तिला दुसरं काही करता आलं असतं का? आलं असतं. दार ठोकता आलं असतं, खाली जाऊन माणसं बोलावता आली असती. तिनं भिंत रंगवली. आयुष्यभर ती असंच करत आली होती. भांडी घासत, धान्य निवडत, मार थांबायची वाट बघत. फक्त आज पहिल्यांदाच त्या आवाजाबरोबर तिच्या पोटात भीती नव्हती. दुसरंच काहीतरी होतं, गरम, आणि ते वर वर येत होतं.

बऱ्याच वेळानं मुलगा जिना उतरून वखारीत गेला. करवत पुन्हा सुरू झाली. सून आत आली. एक डोळा मिटत चालला होता, केस सुटलेले. तिनं दुसरा ब्रश घेतला आणि सासूच्या शेजारी उभी राहून रंगवू लागली.

"पोरी," अक्का म्हणाली, "बस जरा. मी पाणी आणते."

"नको. ही भिंत आज संपली पाहिजे. अर्धी सोडली तर मधे सांधा दिसतो."

दोघींनी ती भिंत संपवली.

त्यानंतरचे काही दिवस छोटे मुकादम घरात होता न होता सारखाच. मोठ्या लाकडाची खेप यायची होती, तो दिवसभर वखारीत. बायकांनी चाललंय ते चालू ठेवलं, त्यानं काही म्हटलं नाही. अक्काला वाटलं नाही की तो विसरला. मुकादमसुद्धा असाच गप्प बसायचा, दही लागेपर्यंत भांडं हलवू नये तसा.

खोली झाली. आता तिच्यात मोजक्याच वस्तू होत्या आणि म्हणूनच ती मोठी वाटत होती. भिंतीलगत अरुंद पलंग, पांढरी चादर, पायाशी घडी घातलेली मऊ रजई, राखी झाक असलेल्या गुलाबी रंगाची. खिडकीला दोन पदर: आत पातळ मलमल झालरीची, फाटली तिथं सुनेनं अशी वेल भरली होती की फाटणंच मुद्दाम केल्यासारखं वाटावं, बाहेर जाड पडदा. पितळी दांडा. दिव्याला कापडी टोपी, प्रकाश गाळून घेणारी. भिंतीवर अंडाकृती आरसा, आणि त्याच्यापुढं जुन्या बाजारातून आणलेला गोल स्टूल, कातीव पायांचा, भरीव लाकडाचा, उचलताना दोघींची कंबर धरली होती. त्याच्यावर सुनेनं मखमल चढवली. रंगाऱ्याच्या घरी अक्का स्वतः जाऊन त्याची मजुरी आणि दाताचा खर्च देऊन आली होती. तो म्हणाला होता, "अक्का, खोली सुंदर होईल, पण त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही." दाराची बाहेरची कडी अक्कानं काढली आणि आतून लावली.

पहिल्या दुपारी दोघी आत बसल्या. खालून करवतीचा आवाज येत होता, पण पडद्यांतून येताना तो बोथट होत होता. अक्कानं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "या आरशात मी जरा बरी दिसते. की आरसाच लबाड आहे?"

"प्रकाश चांगला आहे, आई. प्रकाशाचं सगळं असतं."

"तू झोप इथं. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही तुझा, दिसतं मला."

"ही तुमची खोली."

"माझी आहे म्हणूनच सांगतेय. झोप. मी खाली आहे. दार आतून लाव."

सून पलंगावर आडवी झाली आणि बघता बघता झोपली. कडी लावल्याचा आवाज अक्कानं जिन्यात ऐकला होता. तो ऐकून तिला असं वाटलं, की या घरात पहिल्यांदाच एक बाई कडीच्या बरोबर बाजूला आहे.

तासाभरानं छोटे मुकादम आला. लाकडाची खेप बिनसली होती, गाडीवाल्याशी हमरीतुमरी झाली होती, शर्टाची बाही फाटलेली. त्यानं बायकोला हाक मारली. एकदा मारली, दोनदा मारली.

"झोपलीय," अक्का म्हणाली. "झोपू दे. तुला काय हवं ते मी देते."

"कुठं झोपलीय?"

तो वर गेला. अक्का त्याच्या मागं. त्यानं दार ढकललं, उघडलं नाही. तो क्षणभर दाराकडे नुसता बघत राहिला. या घरात दार आतून बंद असतं ही गोष्टच त्याच्या डोक्यात शिरेना. मग त्यानं खांदा दिला. तिसऱ्या धक्क्याला नव्या कडीचे स्क्रू लाकडासकट निघाले आणि दार भिंतीवर आदळलं.

सून पलंगावर उठून बसली होती, रजई छातीशी धरून. तो चिखलाच्या बुटांनी गालिच्यावरून गेला, पडदा मुठीत धरला आणि खेचला. पितळी दांडा एका बाजूनं सुटून लोंबकळला. आरशावर त्यानं दिवा फेकला. काच पलंगभर पसरली. मग केस धरून बायकोला पलंगावरून खाली ओढलं, काचेवरून. ती ओरडली नाही, एवढंच म्हणाली, "पाय कापतोय, थांबा, पाय कापतोय." त्यानं तिचं डोकं धरलं आणि दाराच्या बाजूच्या भिंतीकडे फिरवलं. अक्काला माहीत होतं पुढं काय होणार. ती जागासुद्धा तीच होती.

अक्कानं गोल स्टूल उचलला. ज्या स्टुलानं दोघींची कंबर धरली होती, तो तिनं एकटीनं उचलला आणि मुलाच्या गुडघ्याच्या मागं घातला. पाय दुमडला. तो एका गुडघ्यावर आला, वळून बघायला लागला, तेवढ्यात स्टुलाची कड त्याच्या कानाच्या वर बसली. तो कुशीवर पडला. बायकोचे केस अजून त्याच्या उजव्या हातात होते. अक्कानं स्टूल त्या हातावर आणला. बोटं उघडली. सून सुटली, रांगत पलंगाच्या कोपऱ्यात गेली.

तिथंच थांबायला हवं होतं. अक्का थांबली नाही. तिनं पुन्हा त्याच हातावर स्टूल घातला. मनगटावर, मग बोटांवर, मग पुन्हा मनगटावर. आत काहीतरी वाळली काटकी मोडावी तसं मोडलं. भिंतीवर थेंब उडाले. मुलगा आता मोठा नव्हता. तो पाय पोटाशी घेऊन, दुसरा हात डोक्यावर धरून पडला होता, अगदी लहानपणी पडायचा तसा, आणि ओरडत होता, "आई! आई गं! नको ना आई!"

अक्कानं ते ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि ऐकल्यावर आणखी एकदा स्टूल खाली आणला.

मग तिच्या कमरेभोवती मागून दोन हात पडले. सून तिला ओढत होती. "आई, पुरे! मरेल तो! आई, माझ्याकडे बघा!" अक्कानं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं ते तिला कळायला मार्ग नव्हता, आरसा फुटलेला होता. पण सुनेनं हात काढून घेतले आणि एक पाऊल मागं सरकली.

वखारीतली माणसं वर आली, त्यांनी त्याला खाली नेला, गाडीत घातला. दवाखान्यात पोलीस आला. छोट्या मुकादमाचं डोकं शिवलेलं, उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. पोलिसानं विचारलं, काय झालं?

"लाकडाची थप्पी कोसळली," तो म्हणाला.

अक्का खाटेपाशी उभी होती. "थप्पी नव्हे," ती पोलिसाला म्हणाली, "मीच." पोलिसानं त्या काटकुळ्या बाईकडे पाहिलं, मग खाटेवरच्या रेड्यासारख्या माणसाकडे पाहिलं, आणि वही मिटली. "आजी, धक्का बसलाय तुम्हाला. घरी जाऊन पडा."

हात पूर्ववत झाला नाही. बोटं वाकडी जुळली. पेला धरता येई, मूठ वळता येत नसे. तो घरी आला तेव्हा जिना चढायचंही नाव घेईना, बसायच्या खोलीतच खाट टाकून राहिला. वखार कारकुनाच्या हाती सोपवली. बायकोवर हात उचलणं राहिलं दूर, तिच्याकडे मान वर करून बघेना. अक्का त्याच्यापुढं चहाचा पेला ठेवायला वाकली की तो खांदे वर घ्यायचा आणि डोळे मिटायचा. ते खांदे अक्काच्या ओळखीचे होते. ते तिचेच होते.

घर शांत झालं. सगळ्यात वाईट हे, की त्या शांततेत अक्काला बरं वाटायचं. काचा वेचून झाल्या, दांडा पुन्हा बसवला, भिंतीवरचे थेंब रंगाचे तीन हात देऊन झाकले, आणि तिच्या अरुंद पलंगावर तिला अशी गाढ झोप लागायला लागली, जशी कुमारवयापासून लागली नव्हती. सकाळी उठून तिला स्वतःची लाज वाटे. रात्री पुन्हा झोप लागे.

एक दिवस सुनेनं मशीन खाली आणलं, पेटी भरली. जुन्या दुकानात तिला काम मिळालं होतं, जवळच एक खोलीही.

"आता का जातेस?" अक्कानं विचारलं. "आता तो काही करणार नाही. त्याच्यात राहिलंय काय?"

"माहीत आहे, आई."

"मग?"

सून पेटीच्या कड्या लावत होती. लावून झाल्यावर म्हणाली, "मला त्यांची भीती नाही वाटत आता. तुमची वाटते."

अक्का जिन्याच्या पायरीवर बसली.

"तुम्ही मला वाचवलंत," सून म्हणाली, "ते मी जन्मभर विसरणार नाही. पण ते आई म्हणून ओरडले, त्याच्यानंतरही तुम्ही मारलंत. मी तुमचं तोंड पाहिलं. तुम्हाला चांगलं वाटत होतं. रोज तुमच्या हातचा चहा घेताना मला ते तोंड दिसतं. मी काय करू?"

खाटेवरून मुलगा छताकडे बघत होता. त्यानं ऐकलं असणार. अक्काला खोटं बोलवेना. "दिसणारच," ती म्हणाली. "मलाही वाटलं होतं चांगलं." मग उठून तिनं मशीनची एक बाजू धरली, आणि दोघींनी ते दारापर्यंत नेलं.

पुढं महिने गेले. अक्का मुलाला भरवायची नाही, तो डाव्या हातानं जेवायला शिकला होता. पण शर्टाची बटणं त्याला लावता येत नसत, ती अक्का लावून द्यायची. आधी तो थरथरायचा. मग हळूहळू कमी झालं. एकदा बटण लावताना तो म्हणाला, "आई, तेव्हा तू मला मारून टाकणार होतीस का?" अक्कानं शेवटचं बटण लावलं, कॉलर सरळ केली. "माहीत नाही रे," ती म्हणाली. "तिनं धरलं म्हणून बरं झालं." तो म्हणाला, "मलाही कधी माहीत नसायचं." यापलीकडे ते दोघं त्या विषयावर कधी बोलले नाहीत.

एका रविवारी अक्का पत्ता विचारत विचारत सुनेच्या खोलीवर गेली. दुसरा मजला, खाली सायकलीचं दुकान. सुनेनं दार उघडलं, पाहिलं, आणि लगेच बाजूला झाली नाही. तिच्या हातात ब्रश होता, कोपरापर्यंत हिरवे शिंतोडे. तिच्या मागं खोली दिसत होती, छोटीशीच. एक भिंत कोवळ्या पानासारखी हिरवी झाली होती, बाकीच्या अजून कोऱ्या.

"गुलाबी नाही घेतलास?" अक्कानं विचारलं.

"नको वाटला."

"बरोबर आहे."

दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं. मग सून म्हणाली, "चहा टाकते. बसा," आणि खुर्ची दाराजवळ ओढून दिली. दार तिनं उघडंच ठेवलं. अक्का बसली. चहा होईपर्यंत भिंतीकडे बघत राहिली, मदत करू का असं विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. चहा घेतला, कप स्वतःच विसळून ठेवला आणि निघाली.

जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्यावर वरून आवाज आला. "आई, पुढच्या वेळी येताना आधी कळवून या."

अक्कानं कठडा धरून वर पाहिलं. "येऊ ना पण?"

सून दारात उभी होती, ब्रशातला रंग मनगटावरून ओघळत होता.

"या," ती म्हणाली.